क्यूबाचे ताट आणि उसाचा फड

नेकनूरला क्यूबन हॉटेल नाही, आणि ते असावे असे कोणाच्या मनातही कधी आलेले नाही. मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातले हे बाजाराचे गाव. बाजाराच्या दिवशी येथे जनावरे, भाजीपाला, कापडचोपड यांची उलाढाल होते. भूक लागली तर भजी, भेळ, गोडीशेव, नाहीतर मटण-भाकरी. तेव्हा नेकनूर आणि क्यूबा ही दोन नावे एका लेखात आणण्याचे कारण आधी सांगितले पाहिजे.

कारण तसे साधे आहे. मागच्या दिवाळीत आमच्या वसतिगृहातला एक मित्र पुण्याला चुलतभावाकडे गेला होता. भावाने त्याला एका झगमगीत हॉटेलात ‘अस्सल क्यूबन’ जेवण दिले. परत आल्यावर त्याने त्याचे साग्रसंगीत वर्णन केले : पांढरा भात, काळ्या घेवड्याची पातळसर उसळ, चपटी करून तळलेली कच्ची केळी आणि लसूण-लिंबाची एक चटणी. बिल माणशी साडेचारशे रुपये. खोलीतला दुसरा मित्र चटकन म्हणाला, “म्हणजे राजमा-चावलच की!” हशा झाला आणि विषय तेथेच संपला. मला मात्र त्या ‘अस्सल’ शब्दाने सोडले नाही. अस्सल म्हणजे कोणाचे? हवानातल्या धनिकांचे, की ज्याने ते भुकेपोटी पहिल्यांदा शिजवले त्याचे? ग्रंथालयात जे हाती लागले ते वाचत गेलो, आणि असे वाटू लागले की हे ताट समजून घ्यायला पुण्यापेक्षा आपला बीड जिल्हाच अधिक सोयीचा आहे. कारण ते उसाच्या फडात तयार झाले आहे.

कोलंबस क्यूबाच्या किनाऱ्याला लागला तो ऑक्टोबर १४९२ मध्ये. तेथील मूळ रहिवासी, ताइनो लोक, कसाव्याचा कंद किसून, पिळून, त्यातला विषारी रस काढून टाकून त्याची पातळ भाकरी भाजत. ही ‘कासाबे’ भाकरी आजही क्यूबाच्या पूर्व भागात होते; २०२४ मध्ये युनेस्कोने तिला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. हा कंद आपल्याला परका वाटेल. परंतु आषाढी एकादशीला आपण जो साबुदाणा भिजत घालतो, तो याच कंदाच्या सत्त्वापासून तामिळनाडूत सेलमच्या बाजूला तयार होतो. खिचडीतले शेंगदाणे, बटाटा आणि मिरची हीही अमेरिका खंडातूनच आलेली पाहुणेमंडळी. आणि सीताफळ! आपल्या डोंगरांवर आपोआप उगवणारे, २०१६ मध्ये बीडच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळवणारे सीताफळ मूळचे अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातले. क्यूबात त्याला ‘आनोन’ म्हणतात, आणि त्याच्या शास्त्रीय नावातला ‘अनोना’ त्याच शब्दावरून आला. सीतामाईचे नाव लागलेले फळ दर्यापलीकडून आले आहे हे वाचून मला क्षणभर वाईट वाटले, हे कबूल करतो.

आपल्या बाजूने तिकडे गेला तो ऊस. रसापासून खडे करण्याची विद्या भारतातली. ‘शर्करे’चे अरबांच्या तोंडी ‘सुक्कर’ झाले आणि स्पेनमध्ये ‘आसुकार’. आपली साखर आणि क्यूबाची आसुकार या एका घरच्या लेकी. कोलंबसाने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत उसाची बेणी कॅरिबियन बेटांवर नेली. पुढची तीनशे वर्षे क्यूबात ऊस बेताचाच होता. १७९१ मध्ये शेजारच्या हैतीतील गुलामांनी बंड करून मळे पेटवले, जगाच्या साखरेची मागणी क्यूबाकडे वळली आणि एकोणिसाव्या शतकात हे बेट साखरेच्या उत्पादनात जगात पहिले झाले. ही साखर कोणी काढली? सुमारे आठ लाख आफ्रिकी माणसे गुलाम म्हणून या बेटावर आणली गेली. १८४७ पासून १८७४ पर्यंत त्यांच्या जोडीला सव्वा लाखाच्या आसपास चिनी मजूर करार लिहून घेऊन आणले. कराराचा कागद होता, पण कागदाने माणूस मोकळा राहत नाही. उचल घेतलेल्या आमच्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. क्यूबात गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८६ मध्ये.

आता ताटाकडे पाहू. मळ्याचा मालक गुलामाला देई ते वाळवलेले खारट मांस, मक्याच्या पिठाचा घट्ट लगदा, केळी आणि रताळी. मिगेल बार्नेत या लेखकाने एस्तेबान मोन्तेहो या शंभरी ओलांडलेल्या माजी गुलामाची कहाणी त्याच्या तोंडून ऐकून १९६६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. बराकींच्या मागे गुलामांना जमिनीचे जे लहान तुकडे मिळत, त्यांनीच अनेकांचे प्राण वाचवले, असे मोन्तेहो सांगतो. तेथे ते रताळे, भोपळा, मका, घेवडा, कसावा लावीत. मराठीतली दलित आत्मकथने वाचलेल्या विद्यार्थ्याला हे पुस्तक मुळीच परके वाटणार नाही. मालकाच्या खारवलेल्या मांसापेक्षा या तुकड्यांतले पीकच पुढे क्यूबाचे राष्ट्रीय जेवण झाले, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

या जेवणाला नावेही मजेदार आहेत. काळा घेवडा आणि पांढरा भात एकत्र शिजवला की त्याला ‘मोरोस ई क्रिस्तियानोस’ म्हणजे ‘मूर आणि ख्रिस्ती’ म्हणतात. स्पेनमधील शतकानुशतकांची लढाई एका पातेल्यात आणून मिटवलेली. काळ्याऐवजी तांबडा घेवडा घातला की तो ‘कोंग्री’, पूर्व क्यूबातला प्रकार. कच्च्या केळ्याचे जाड काप एकदा तळायचे, दाबून चपटे करायचे आणि पुन्हा तळायचे, हे ‘तोस्तोनेस’. कंद, मका, मांस, केळी असे हाताला येईल ते घालून उकळलेला ‘अहियाको’. फर्नांदो ओर्तिस या क्यूबन विद्वानाने १९४० च्या सुमारास म्हटले की क्यूबा देश म्हणजेच एक अहियाको आहे : ताइनो, स्पॅनिश, आफ्रिकी, चिनी सारे त्यात पडले, कोणी विरघळले, कोणाचे तुकडे अजून दाताखाली येतात, आणि पातेले अजून चुलीवरच आहे. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ओर्तिसचा तंबाखू आणि साखर यांवरचा १९४० चा ग्रंथ मिळाल्यास अवश्य पाहावा.

एक गोष्ट मात्र आपल्याला खटकेल. क्यूबन जेवण तिखट नसते. फोडणी असते, तिला ‘सोफ्रितो’ म्हणतात. तीत कांदा, लसूण, ढोबळी मिरची, जिरे, तमालपत्र. पण झणझणीतपणा नाही. मिरचीच्या मुलखाशेजारी राहून हे लोक मिरचीला का भ्याले, कोण जाणे!

असो. ‘अस्सल’चा प्रश्न आपण अर्धवट सोडला आहे. क्यूबाची सर्वांत प्रसिद्ध भाजी म्हणजे ‘रोपा व्हिएहा’, शब्दशः ‘जुने कपडे’. मांस इतके शिजवायचे की त्याच्या चिंध्या व्हाव्यात. मूळ पदार्थ गोमांसाचा. परंतु १९५९ च्या क्रांतीनंतर क्यूबात गुरे कापण्यावर सरकारने कडक निर्बंध घातले, आणि तेथील घरगुती जेवणघरांत ही भाजी पुष्कळदा मेंढीच्या मांसाची होऊ लागली. उलट क्रांतीनंतर देश सोडून अमेरिकेत मायामीला गेलेल्या क्यूबनांनी जुनी पद्धत जपली. १९७१ मध्ये तेथे निघालेले ‘व्हर्साय’ हे हॉटेल त्यासाठी प्रसिद्ध आहे. म्हणजे जुन्या पद्धतीची भाजी परदेशात आणि बदललेली भाजी मायदेशात. दोहोंपैकी अस्सल कोणती?

सोव्हिएत संघ १९९१ मध्ये कोसळला आणि क्यूबाचे तेल, खत, धान्य सारेच आटले. किम्यात सोयाबीन मिसळून रेशनवर वाटू लागले. त्या अडचणीत १९९२ मध्ये आपल्या देशात लोकांकडून गोळा केलेला दहा हजार टन गहू जहाजाने क्यूबाला गेला होता, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नाही. आमची आजी १९७२ च्या दुष्काळातल्या तांबड्या मिलोची आणि कामावर मिळणाऱ्या सुकडीची आठवण सांगते. त्या मिलोचीही भाकरीच केली, म्हणते. थापताना चिरायची, पण केली. टंचाईत नवे धान्य येते, हात मात्र जुनेच राहतात.

याच टंचाईतून क्यूबात घरगुती खानावळी निघाल्या. बायकांनी बैठकीच्या खोलीत चार टेबले मांडली. १९९५ मध्ये सरकारने त्यांना परवानगी दिली, पण बारा खुर्च्यांची मर्यादा घालून आणि काम घरच्या माणसांनीच करावे असे बजावून. गोमांस आणि शेवंड वाढायला बंदी. या खानावळींना लोक ‘पालादार’ म्हणजे ‘जिभेची रुची’ म्हणू लागले. एका ब्राझिली दूरदर्शन मालिकेतील कष्टाळू नायिकेच्या खानावळीचे ते नाव होते. २०११ मध्ये मर्यादा पन्नास खुर्च्यांपर्यंत वाढली. हे वाचताना मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका आठवतात. एकट्या गिरणी कामगारांना दहा बाय दहाच्या खोलीतून जेवू घालणाऱ्या या बायकांची १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त संघटना बांधली. हवाना आणि लालबाग यांत मला तरी खुर्च्यांपुरताच फरक दिसतो. लालबागेत पंगत जमिनीवर बसे.

इतके वाचल्यावर करून पाहावे असे वाटणे साहजिक होते. यंदा पाडव्याच्या आधी आई-वडील कारखान्यावरून परतले, तेव्हा मी घरी गेलो आणि बाजारातून सामान आणले. काळा घेवडा मिळाला नाही, तांबडा राजमा मिळाला. मिळाला तोच योग्य निघाला, कारण आता पूर्व क्यूबाची कोंग्री करता येणार होती. राजमा रात्रभर भिजवून शिजवला. येथे एक सूचना : शिजवलेले पाणी फेकू नये. तांदूळ त्याच पाण्यात शिजवायचा. भाताला जो तपकिरी रंग येतो तो त्या पाण्याचाच. डुकराच्या चरबीऐवजी शेंगदाण्याचे तेल वापरले. तिकडे आंबट नारिंगाचा रस घालतात. मी लिंबू आणि मोसंबी अर्धी-अर्धी पिळली, त्यात ठेचलेला लसूण व जिरे घालून वर कडकडीत तेल ओतले. हीच मित्राने सांगितलेली चटणी, ‘मोहो’. सुगंधासाठी इंग्रजीत ज्याला ‘क्यूबन ऑरेगॅनो’ म्हणतात ती वनस्पती हवी होती. चित्र पाहिले तर ती आमच्या दारातल्या फुटक्या घागरीतला पानओवा निघाली. केळ्याचे काप मात्र दाबताना फुटले, कारण मी ते पहिल्या खेपेस फार तळले होते.

आईने पहिला घास घेतला आणि विचारले, “ह्यात तिखट नाही का टाकलं रं?” मी सांगितले की ते लोक खात नाहीत. तिने ठेचा घेतला, कालवला आणि मग सावकाश म्हणाली, “येकाच पातेल्यात उरकतंय, हे बरंय. फडावर असंच पायजे. माणूस तोडायला गेलं तरी मागं शिजत राहतं.” पहाटे तीनला उठून कोपीपुढे भाकरी थापणाऱ्या बाईचे हे मत आहे. माझ्या मते या विषयावर मी वाचलेल्या सर्व मजकुरापेक्षा ते अधिक अधिकाराचे आहे. पुण्याच्या त्या हॉटेलात घेवडा आणि भात वेगवेगळ्या वाट्यांत आले होते. एका पातेल्याचे कारण तेथे कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

जेवताना मी तिला तिकडच्या तोडणीची हकिकत सांगितली. तिकडचा हंगामही साधारण आपल्याबरोबरच चालतो, त्याला ‘साफ्रा’ म्हणतात. रसवंतीतल्यासारखा उसाचा रस तिथेही पितात, ‘ग्वारापो’ म्हणून, आणि गुळासारखी ‘रास्पादुरा’ही करतात. १९७० मध्ये एक कोटी टन साखर काढायचा चंग बांधून सरकारने विद्यार्थी, कारकून सगळ्यांना फडात उतरवले, आदल्या वर्षीच्या नाताळची सुट्टीही त्यासाठी रद्द केली. साखर निघाली पंच्याऐंशी लाख टन. रद्द झालेला नाताळ परत मिळायला १९९० च्या दशकाची अखेर उजाडली. “आपली दिवाळी बी फडातच असती,” वडील म्हणाले. त्या खेरीज ते जेवताना काही बोलले नाहीत.

आईने विचारले, “आता कोण तोडतंय तिथं?” मी सांगितले की २००२ मध्ये निम्म्याच्या आसपास कारखाने बंद केले, राहिलेलेही रखडत चालतात. अलीकडच्या हंगामांत पाच लाख टनसुद्धा साखर निघत नाही. ज्या बेटाने जगाला साखर पुरवली त्याला आता ती बाहेरून आणावी लागते.

“मग ती माणसं काय खातेत?”

“हेच. भात न् घेवडा. रेशनवर मिळाला तर.”

तिने पातेल्यात उरलेला भात झाकून ठेवला. सकाळी कांदा, तिखट आणि शेंगदाण्याचा कूट घालून तो परतला, तेव्हा सगळ्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतला.