कुलनचा कुत्रा

आपल्या वर्गातल्या पृथ्वीच्या गोलावर इंग्लंडच्या पश्चिमेला एक बेट आहे. ते आयर्लंड. तिथे फार पूर्वीपासून राहणाऱ्या लोकांना केल्ट म्हणतात. गुरुजींनी शनिवारी गोष्टीच्या तासाला त्यांच्या गोष्टी सांगितल्या. मला लिहायला कुणी सांगितले नव्हते, पण मी लिहितो. का ते शेवटी सांगेन.

त्यांच्या सगळ्यात मोठ्या गोष्टीत लढाई कशावरून होते, ओळखा बरं! बैलावरून. राणी मेव्ह आणि तिचा नवरा आलिल यांच्यात कुणाकडे जास्त संपत्ती यावर बोलाचाली झाली. मग भांडी मोजली, अंगठ्या मोजल्या, मेंढरं, घोडे, डुकरं सगळं मोजलं. सगळं सारखं भरलं. पण आलिलकडे पांढऱ्या शिंगांचा एक मोठा बैल होता, तसा राणीकडे नव्हता. तिने दुसऱ्या राज्यातल्या एका माणसाकडे तांबूस बैल मागायला माणसं पाठवली. तो एका वर्षासाठी द्यायला तयार झाला. त्याने पाहुण्यांना जेवू घातलं, दारू पाजली. तेव्हा ती माणसं नशेत म्हणाली, नसता दिला तर आम्ही ओढून नेला असता. हे त्याच्या कानावर गेलं आणि त्याने बैल दिलाच नाही. मला वाटते त्याचे बरोबर होते. ज्याच्या घरी जेवायचं त्यालाच असं बोलतात का? त्यावरून मोठी लढाई झाली. आमचे आजोबा म्हणाले, बैलासाठी भांडणारे लोक आपल्यासारखेच शेतकरी असणार.

आधी या गोष्टी तोंडीच सांगत. मग मठातल्या ख्रिस्ती साधूंनी त्या वासराच्या कातड्यावर लिहून ठेवल्या. त्यातले एक पुस्तक सुमारे ९०० वर्षांपूर्वीचे आहे. त्याचे नाव तपकिरी गायीचे पुस्तक. एका साधूच्या गायीच्या कातड्यावर ते लिहिले अशी समजूत आहे. ते डब्लिन शहरात जपून ठेवले आहे.

आता खरी गोष्ट. त्या लढाईत एकटा लढणारा जो वीर आहे, तो लहानपणी सेतांता नावाचा पोरगा होता. सहा-सात वर्षांचा. त्याचा मामा कोन्खोवर राजा होता. सेतांता वाकड्या काठीने चेंडू मारायचा, हॉकीसारखा खेळ. तो खेळ आयर्लंडमध्ये आजही खेळतात. एकदा कुलन नावाच्या लोहाराने राजाला जेवायला बोलावलं. राजा म्हणाला, सेतांता, चल. तो म्हणाला, माझा खेळ संपला नाही, मी मागून येतो. (आम्ही पण असंच म्हणतो!)

राजा गेला आणि पोरगा मागून येणार आहे हे विसरूनच गेला. लोहाराने विचारलं, अजून कुणी यायचं आहे का? राजा म्हणाला, नाही. मग लोहाराने राखणीचा कुत्रा सोडला. तो इतका दांडगा की त्याला तीन साखळ्या लागत. इकडे सेतांता वाटेने चेंडू मारत, काठी पुढे फेकत, पळत जाऊन ती झेलत येत होता. कुत्रा अंगावर आला. कुणी सांगतात की त्याने चेंडू कुत्र्याच्या घशात मारला. कुणी सांगतात, चेंडू टाकून नुसत्या हातांनी धरून आपटला. काही असो, कुत्रा मेला.

पोरगा वाचला म्हणून सगळे आनंदाने ओरडले. फक्त लोहार गप्प उभा. तो म्हणाला, तू वाचलास हे चांगलं झालं, पण माझी गुरं आणि घर राखणारा गेला. आता मी काय करू?

सेतांता म्हणू शकला असता की कुत्राच माझ्या अंगावर आला. नाहीतर म्हणाला असता की मामा विसरला. तसं तो म्हणाला नाही. तो म्हणाला, याच जातीचं पिल्लू मी वाढवून देईन आणि ते मोठं होईपर्यंत तुमची गुरं मी राखीन. तेव्हापासून त्याचं नाव पडलं कू खुलन, म्हणजे कुलनचा कुत्रा. त्याला आधी ते नाव नको होतं. एवढ्या मोठ्या वीराला कुत्रा म्हणायचं! पण तिकडे ते मानाचं नाव झालं.

त्या लोकांच्या जुन्या कायद्यातही असंच होतं. कुणाचं नुकसान केलं, माणूस मारला तरी, बहुतेक वेळा गाई देऊन भरपाई करायची.

कू खुलनला दोन बंधनं होती. कुत्र्याचं मांस खायचं नाही, आणि कुणी जेवायला बोलावलं तर नाही म्हणायचं नाही. शेवटच्या लढाईला जाताना वाटेत तीन म्हाताऱ्या कुत्र्याचं मांस शिजवत होत्या. त्या म्हणाल्या, गरिबाचं आहे म्हणून नको का? त्याने खाल्लं आणि त्याची शक्ती गेली. मरताना उभंच राहायचं म्हणून त्याने स्वतःला दगडाला बांधून घेतलं. डब्लिनच्या मोठ्या पोस्टात त्याचा तसा पुतळा आहे. हे ऐकताना वर्गात कुणीच बोललं नाही.

१९३७ ते १९३९ मध्ये तिथल्या सुमारे ५,००० शाळांतल्या ५०,००० मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांकडून गोष्टी ऐकून वह्यांत लिहून काढल्या. त्या वह्या अजून आहेत.

आता माझं सांगतो. दिवाळीच्या सुट्टीत माझा चेंडू लागून शेजारच्या आक्कांचं कोंबडीचं पिल्लू मेलं. मी ते उकिरड्यात पुरलं. आक्का दोन दिवस मांजराला शिव्या देत होत्या आणि मी ऐकत होतो. शनिवारी गोष्ट ऐकल्यावर मला जेवण गेलं नाही. संध्याकाळी जाऊन म्हणालो, आक्का, मांजरानं न्हाई, मी मारलं. त्या आधी रागावल्या. मग म्हणाल्या, इतके दिवस का नाही बोललास रे?

आमची कोंबडी खुडूक बसली आहे. आईने तिच्याखाली नऊ अंडी ठेवली आहेत. पहिलं निघालेलं पिल्लू आक्कांचं, असं मी सांगून आलो आहे. ते मोठं होईपर्यंत घारीपासून मीच राखणार आहे. अंडी फुटायला एकवीस दिवस लागतात. आज तेरावा दिवस आहे.