मीखाएलनेही आरोप केला नाही

आजचे वाचन : यहूदाचे पत्र, वचन 9



‘आद्यदेवदूत’ हा शब्द नव्या करारात दोनदाच येतो. एकदा 1 थेस्सलनीकाकरांस 4:16 मध्ये आणि एकदा इथे. त्यात नाव फक्त एकाचं आहे, मीखाएलचं. गब्रीएलला आपण सवयीनं आद्यदेवदूत म्हणतो, पण लूक त्याला नुसता देवदूत म्हणतो. राफाएल तोबीतच्या पुस्तकात भेटतो. ते कॅथलिक बायबलात आहे, आपल्या 66 पुस्तकांत नाही. यहुदी लोकांच्या झोपतानाच्या प्रार्थनेत मीखाएल उजवीकडे, गब्रीएल डावीकडे, पुढं उरीएल आणि मागं राफाएल असतो. चारही नावांच्या शेवटी ‘एल’ आहे, म्हणजे देव. मीखाएल हे नाव तर सरळ प्रश्नच आहे : देवासारखा कोण? माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारी नोव्हेनाला सगळ्या धर्मांची माणसं येतात. दारावरच्या नावात हा प्रश्न दडलाय, हे त्यातल्या किती जणांना माहीत असेल!

आता वचनाकडे येऊ. मोशेच्या शरीराबद्दल मीखाएल आणि सैतान यांचा वाद चाललाय. अनुवाद 34:6 सांगतं की मोशेची कबर कुणालाच माहीत नाही. हा वाद मात्र जुन्या करारात कुठंच नाही; यहूदानं तो यहुदी परंपरेतून घेतलाय. समोर साक्षात सैतान आहे, त्याच्याबद्दल काहीही बोललं तरी खोटं ठरणार नाही. तरी मीखाएल त्याला दूषण देऊन दोषी ठरवायला धजत नाही. दटावण्याचं काम तो प्रभूवर सोपवतो.

प्रकटीकरण 12 मध्ये अजगराशी लढणारा हाच मीखाएल आहे, म्हणजे तो भित्रा नाही. आमच्या आयटीच्या भाषेत सांगायचं तर त्याच्याकडं वरचा ॲक्सेस आहे, पण निकाल देण्याची परमिशन आपली नाही हे त्याला पक्कं माहीत आहे.

हे वचन मला आपल्या कळंबकडच्या खेड्यांसाठी फार गरजेचं वाटतं. लेकरू आजारी पडलं, म्हैस आटली, की कुणीतरी म्हणतं, ‘बाहेरचं आहे.’ मग केलं कुणी, हा शोध सुरू होतो. बोट बहुतेक वेळा एखाद्या एकट्या म्हातारीकडं जातं. दुःख याचं की काही प्रार्थनासभांतही हे शिरतं. सैतानावर मोठ्यानं ओरडता ओरडता शेजारणीचं नाव तोंडात येतं, आणि वर लोक ‘आमेन’ म्हणतात. आद्यदेवदूत जे सैतानाबद्दल बोलला नाही, ते आपण माणसाबद्दल बोलतो! तिचं पाणी तुटतं, येणं-जाणं तुटतं, कधी मारहाणही होते. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात, अमुक माणूस करणी करतो असं सांगून त्याला त्रास देणं हा गुन्हा आहे. विश्वासणाऱ्याला हे पोलिसांनी सांगायची वेळ येऊ नये.

सभेत कुणी असं नाव घेतलं तर तिथंच थांबवा. वडीलधारे असले तरी, ‘काका, नाव नको, लेकरासाठी प्रार्थना करू,’ एवढं म्हणता येतं. आणि लेकराला दवाखान्यात न्या.

उद्यासाठी जखऱ्या 3 वाचून ठेवा. मीखाएलचे शब्द तिथं खुद्द परमेश्वराच्या तोंडी आहेत. वाचताना मुख्य याजक यहोशवाच्या उजवीकडं कोण उभा आहे आणि कशासाठी, ते बघा.