निळं आधी वाच

ओरेगनच्या आग्नेय कोपऱ्यात, हार्नी काउंटीतल्या गुरांच्या रानात कामाला निघालास ना, मग यूएसजीएसचे, म्हणजे अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे, 1:24,000 चे जुने नकाशे कागदावर छापून ने. फुकट उतरवता येतात. पवनचक्क्या नि कुंपणंही त्यांवर सापडतात.

नवखी माणसं आधी तपकिरी समोच्चरेषा बघतात. तू निळं बघ. सलग रेघ म्हणजे बारमाही पाणी. रेघ तुटक नि मध्ये ठिपके असले, तर तो ओढा बराच काळ कोरडाच. शेपटीवाला बारीक गोल म्हणजे झरा. गुरं पाण्यापासून मैल-दीड मैलापलीकडे नाखुशीनंच जातात, त्यात खडा चढ असला तर विचारूच नकोस. चुकलेली गाय शोधायची तर पाण्याभोवतीच. मैल मोजायला पट्टी नको, जमिनीच्या मोजणीचे लाल चौकोन साधारण मैलभराचेच असतात. मात्र कोपऱ्यातलं साल वाच. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या झऱ्याच्या भरवशावर पाण्याचा कॅन घरी ठेवू नये.

मग तपकिरी. स्टीन्स पर्वत 9,733 फुटांचा. पश्चिमेकडून तो इतका सावकाश चढतो की रेषा ऐसपैस पसरलेल्या दिसतात. पूर्वेला त्याच रेषा एकमेकींना खेटतात आणि जमीन सुमारे मैलभर खाली, अल्व्हर्डच्या कोरड्या तळ्यापर्यंत कोसळते. तो कडा नकाशावर आंधळ्यालाही दिसेल. फसवतात ते छोटे. दोन रेषांमध्ये 40 फुटांचं अंतर असेल तर 30 फुटांचा उभा कातळ त्यांच्या फटीत बेमालूम लपतो. तिथला दगड आपल्या दख्खनसारखाच, लाव्हाच्या थरांचा बेसॉल्ट. सह्याद्रीत कातळाची पट्टी आडवी आली की वाट कशी मैलभर वळसा घेते, आठव. नकाशावर घोड्याची वाट विनाकारण वाकडी दिसली, तर कारण तेच समज.

जमिनीच्या मालकीसाठी बीएलएमचा, म्हणजे सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या खात्याचा, वेगळा नकाशा लागतो. पिवळी जमीन सरकारी, पांढरी खासगी. पिवळ्याच्या मधोमध एखादा पांढरा तुकडा दिसला की त्यात निळं शोध, बहुधा सापडेल. 1862 च्या होमस्टेड कायद्यानं वस्ती करणाऱ्याला 160 एकर मिळायचे, आणि माणसं अर्थातच पाणी धरून बसली.

वाटेत कुंपणाचं फाटक लागलं नि ते उघडं असेल तर उघडंच ठेव, बंद असेल तर पार झाल्यावर लाव. उघडं फाटक पुष्कळदा गुरांच्या पाण्याची वाट असते.