डांगराची वाट आधी ठरवा

डांगराचा वेल पंधरा-वीस फूट सहज जातो. बी टोकताना ते कुणाच्या ध्यानात राहत नाही. आमच्या सोसायटीच्या सामाईक परसबागेत एका पावसाळ्यात तेच झालं. जूनमध्ये कोपऱ्यातल्या वाफ्यात लावलेला वेल गणपतीपर्यंत शेजारच्या वाफ्यांवर पसरला आणि त्याच्या रुंद पानांखाली माठ पिवळा पडला. वैतागून कुणीतरी सगळा वेल उचलून मागे वळवला. सरपटताना डांगर पेरापेरांतून मुळं सोडतं. ती तुटली, पानं उलटी पडली, कोवळी फळं गळाली. माठही गेला, डांगरही गेलं आणि दोन घरांचं बोलणं थांबलं.

त्यामुळे वेल वळवायचा तर तो हात-दोन हात असतानाच. डांगर बागेच्या कडेला लावावं, शेंडा बाहेरच्या मोकळ्या जागेकडे न्यावा, आठवड्याला एकदा दिशा पाहावी. दोन-तीन फळं धरली की शेंडा खुडला तरी चालतो. फळ जड होतं, म्हणून ते जमिनीवरच राहू द्यावं. खाली गवत किंवा वीट ठेवली की कुजत नाही. दुधी, दोडका, पडवळ मात्र मांडवावर चढवावेत. मांडव उत्तरेच्या कडेला घातला तर वर्षातला बराच काळ त्याची सावली इतरांच्या भाजीवर येत नाही.

वेल पसरूनही कुणाला न अडवणारी मांडणी अमेरिकेतल्या हौडेनोशौनी लोक फार पूर्वीपासून वापरत आले: मका उभा, घेवडा त्याच्यावर चढलेला आणि डांगराच्या जातीचे वेल खाली, तण दाबत, ओल राखत. डांगर मूळचं तिकडचंच.

फुलांवरूनही कुरबुरी होतात. सुरुवातीला येणारी बहुतेक फुलं नर असतात. ती गळाली म्हणून घाबरू नये. मादी फुलाखाली इवलंसं फळ दिसतं, ते मुलांना आवर्जून दाखवावं. फुलं पहाटे उमलतात आणि दुपारपूर्वी मिटतात, त्या वेळात मधमाश्यांना काम करू द्यावं, फवारणी टाळावी. भज्यांसाठी नर फुलं हवी असतील तर ती उशिरा खुडावीत.

वाटणीचं बोलणंही बी टोकतानाच व्हावं. वेल ज्यांच्या वाफ्यावरून जाणार, त्यांना फळात वाटा. नख रुतेनासं झाल्यावर देठासकट काढलेलं डांगर हवेशीर जागी काही महिने टिकतं; दिवाळीत सगळे घरी असताना कापलं, तर घारगेही सगळ्यांचे होतात.