रात्रीची लाइट आणि पन्नाशीचा माणूस

मी इंदापूर तालुक्यातला, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस करणारा शेतकरी. पन्नाशी उलटली तसा कामाचा उरक गेला, चिडचिड वाढली, पोट सुटलं आणि ज्याबद्दल पारावर फक्त चेष्टेत बोलतात तेही थंडावलं. त्यातून जे कळलं ते असं :

१. बाईची पाळी जाते तसं पुरुषाचं काही एकदम थांबत नाही. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन तिशी-चाळिशीनंतर वर्षाला साधारण एक टक्क्यानं उतरतं आणि बहुतेकांना शेवटपर्यंत पुरतं. २०१० साली युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. ४० ते ७९ वयाचे तीन हजारांवर पुरुष त्यात तपासले होते. लक्षणंही आहेत आणि रक्तातही कमी आहे, असे शेकडा दोनच निघाले. आमच्या पारावरच्या प्रत्येकाला मात्र वाटतं, त्या दोनातला एक आपणच!

२. रक्त सकाळीच द्यावं, सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी. हे हार्मोन पहाटे भरतं आणि दिवस चढेल तसं उतरतं. बारामतीत एका लॅबनं माझं रक्त भर दुपारी चारला घेतलं. वेळेचं कुणी काही बोललं नाही. आकडा कमी आला आणि घरात सुतक पडल्यागत झालं. पुढे एका डॉक्टरांनी दोन वेगवेगळ्या दिवशी सकाळी तपासायला लावलं, तर दोन्ही वेळा ठीक. एका आकड्यावर औषध सुरू करायचं नसतं, हे त्यांनीच सांगितलं. सोबत साखर, थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही बघून घेतलं. माझी तीन महिन्यांची साखर वाढलेली निघाली.

३. झोप. आमच्या भागातल्या माणसाचं खरं दुखणं इथं आहे. थ्री-फेज विजेची पाळी रात्रीची आली की जेवण उरकायचं, बॅटरी आणि काठी घ्यायची आणि दारं धरायला रानात जायचं. मोटार चालू करावी, पाणी सरीच्या टोकाला जातंय न जातंय तोच लाइट जाते. परत येईल म्हणून बांधावर घोंगडी टाकून बसायचं. पहाटे घरी येऊन पाठ टेकावी तर धारांची वेळ झालेली. शरीर हे हार्मोन झोपेतच भरून काढतं. २०११ साली शिकागोच्या संशोधकांनी विशीतल्या निरोगी पोरांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घसरलं. वयानं व्हायला दहा वर्षं लागावीत एवढी घसरण, आणि तीही तरण्या पोरांची. दिवसा वीज द्या म्हणताना आपण साप-विंचवाचं कारण सांगतो, ते खरंच आहे. पण या कारणासाठीही मोर्चा काढायला हरकत नाही. फलकावर काय लिहायचं, एवढाच प्रश्न. मी ठिबक केलं आणि मोटारीला ऑटो बसवला. लाइट आली की मोटार आपोआप सुरू होते आणि मी घरी झोपलेला असतो. फरक सगळ्यात जास्त यानंच पडला. घोरणाऱ्यांनी मात्र घोरण्याचीही तपासणी करून घ्यावी. झोपेत श्वास अडत असेल तर आठ तास पडून राहूनही उपयोग नाही.

४. पोटाची चरबी टेस्टोस्टेरॉनचं रूपांतर बायकी हार्मोनमध्ये करते. त्यात आपण राहतो साखर कारखान्यांच्या पट्ट्यात. सभासदाची सवलतीची साखर घरात, दारोदारी चहा, नको म्हटलं तर पाव्हणे रुसतात. बांधावरही आता मोटारसायकलनं जातो. मी चहा बिनसाखरेचा केला, रान पायी फिरतो आणि खताच्या गोण्या गड्याबरोबर स्वतः उचलतो. कमरेचा पट्टा दोन भोकं आत आला.

५. एसटी स्टँडजवळच्या भिंतीवरची जाहिरात वाचून कुणी ताकदीची पुडी आणू नये. ‘आयुर्वेदिक’ म्हणून विकलेल्या अशा औषधांत सिल्डेनाफिल हे ताठरतेचं औषध मिसळलेलं अनेकदा सापडलंय. त्यानं टेस्टोस्टेरॉन वाढत नाही, आणि छातीत दुखतं म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्याचा रक्तदाब एवढा कोसळतो की जीव जाऊ शकतो.

६. जिमवाल्या पोरांनो, बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. शुक्राणूही घटतात, कधी पार संपतात. लग्न ठरायच्या वयात हे कळलेलं बरं. ज्याला खरोखर कमी आहे त्यानं इंजेक्शन जरूर घ्यावं, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. रक्त घट्ट होतंय का आणि प्रोस्टेट ठीक आहे का, हे अधूनमधून तपासत.

७. ताठरता कमी झाली तर हृदयाची तपासणी आधी करावी. तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे त्या आधी तुंबतात. तंबाखू आणि साखर दोन्ही असणाऱ्यांनी तर हे टाळूच नये.

८. बायकोशी बोलावं. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं, लैंगिक विषयांवर मराठीत उघड लिहिलं आणि खटले अंगावर घेतले. एवढ्या वर्षांनीही आम्ही नवरा-बायको एकाच खोलीत गप्पच. शेवटी मी विषय काढला तेव्हा ती म्हणाली, “अहो, मला वाटलं मीच आता तुम्हाला नको झाले.” तिचीही पाळी नुकतीच गेली होती, अंगाला दरदरून घाम यायचा, रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नव्हता, मला पत्ता नव्हता. पुढच्या खेपेला दोघं मिळूनच डॉक्टरांकडे गेलो. थायरॉइड तिचं निघालं.