मर रोगाला वाट देतात त्या जखमा

हस्त बहार धरणाऱ्या डाळिंब बागांत सध्या छाटणीची लगबग आहे. सांगोला-आटपाडीपासून सटाणा-मालेगावपर्यंत या दिवसांत चर्चा असते ती तेल्या रोगाची, कारण त्याचे डाग फळावर दिसतात आणि बाजारात लगेच भाव पाडतात. मर रोग इतक्या लवकर नजरेत भरत नाही. आधी एखाद्याच फांदीची पाने पिवळी पडून मलूल होतात. पुढे ती फांदी वाळते आणि काही आठवड्यांत सगळे झाड जाते. फळे मात्र फांदीलाच लटकून सुकतात. तेल्यात एका हंगामाचे पीक बुडते, मरीत झाडच हातचे जाते. म्हणून छाटणीच्या तोंडावर आधी विचार व्हायला हवा तो मरीचा.

या मरीचे मुख्य कारण म्हणजे सेराटोसिस्टिस फिम्ब्रिएटा ही बुरशी. १८९० मध्ये अमेरिकेत रताळ्याच्या काळ्या कुजीवर तिची पहिली शास्त्रीय नोंद झाली. आपल्याकडे डाळिंबाची मर १९९० च्या सुमारास विजापूर भागात लक्षात आली. याच गटातल्या बुरश्यांनी ओमान आणि ब्राझीलमध्ये आंब्याची जुनी झाडे वाळवली. ब्राझीलमध्ये निलगिरी आणि सागही त्यांच्या तावडीतून सुटले नाहीत. सुमात्रात कागदाच्या लगद्यासाठी अकेशिया मँजियमची प्रचंड लागवड झाली होती. तिथे छाटणीच्या आणि माकडा-खारींनी सोललेल्या सालीच्या जखमांतून रोग शिरला, तो इतका पसरला की कंपन्यांना निलगिरीकडे वळावे लागले.

बांधावरच्या सागाची धास्ती घेण्याचे मात्र कारण नाही. या बुरशीचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि डाळिंब मारणारा प्रकार सागही मारेलच असे नाही. या सगळ्या ठिकाणांहून घ्यायचे ते एकच: ही बुरशी जखमेतून आत जाते. ती जखम कात्रीची असेल, मुळाशी लागलेल्या कुदळीची असेल, सूत्रकृमींनी मुळांवर केलेली असेल, नाहीतर खोडाला बारीक छिद्रे पाडणाऱ्या भुंगेऱ्यांची असेल. भुंगेरे छिद्रातून जो भुसा बाहेर टाकतात, त्यात जिवंत बीजाणू असतात. वारा आणि पाऊस तो शेजारच्या झाडापर्यंत नेतात.

झाड मलूल दिसले की लगेच आळवणीचे औषध आणू नये. मर फ्युजॅरियम बुरशीमुळेही होते, आणि पाणी साचून मुळे गुदमरली तरी झाड असेच दिसते. खोडाचा बुंध्याकडचा भाग आडवा कापून पाहावा. लाकडात मधून बाहेरच्या बाजूला पसरत गेलेले करडे-तपकिरी पट्टे दिसले तर सेराटोसिस्टिसचा संशय घ्यावा. खात्रीसाठी प्रयोगशाळेतही वापरली जाणारी एक सोपी युक्ती आहे. त्या लाकडाचा तुकडा गाजराच्या दोन ताज्या चकत्यांमध्ये दाबून दमट डब्यात ठेवावा. आठवडाभराने चकतीवर लांब मानेचे बारीक काळे ठिपके आणि त्यांच्या टोकाला चिकट थेंब दिसले, तर बुरशी तीच. भिंगाने ते नीट दिसतात.

छाटणी निरोगी झाडांपासून सुरू करावी आणि संशयित झाडे शेवटी घ्यावीत. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवावी. छाटणारी टोळी काल दुसऱ्या बागेत होती, हे विसरून चालत नाही; तिची हत्यारे बांधावरच धुवून घ्यावीत. मोठ्या कापावर त्याच दिवशी बोर्डो पेस्ट लावावी. त्यासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी हे प्रमाण ठेवावे.

भारी, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत चर काढणे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे. टोमॅटो किंवा वांग्याचे आंतरपीक सूत्रकृमी वाढवते. त्याऐवजी झेंडू बरा. प्रोपिकोनॅझोल या बुरशीनाशकाची आळवणी रोगाच्या सुरुवातीला आणि शेजारच्या झाडांना केली तरच उपयोगी पडते. तिची मात्रा सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राकडून किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडून घ्यावी. ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी द्यायची असेल तर या आळवणीबरोबर देऊ नये, बुरशीनाशक तिलाही मारते.

वाळलेले झाड मुळांसकट उपटून जागीच पोत्यात भरावे आणि बांधाबाहेर जाळावे. ते बागेतून ओढत नेले तर माती आणि भुसा वाटभर सांडतो. रिकाम्या खड्ड्यात लगेच नवे रोप लावू नये. उन्हाळाभर खड्डा उघडा तापू द्यावा आणि पुढची गुटी मर नसलेल्या बागेतून, मातृवृक्ष स्वतः पाहूनच आणावी.