शेतातला कर्ब मोजायचा कसा आणि पडताळायचा कसा?

संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी उसाची भारी काळी जमीन, तर साकूर-घारगावच्या पठार भागात हलकी, मुरमाड. दोन्हीकडच्या माती परीक्षण पत्रिकेवर सेंद्रिय कर्ब 0.5 टक्के असला, तरी जमिनीतला साठा सारखा नसतो. पाचट कुजवून, शेणखत घालून कर्ब किती वाढला हे दाखवायचे, तर टक्क्यांना मातीच्या वजनाची जोड द्यावी लागते.

साहित्य : गिरमिट किंवा टिकाव-खुरपे, घमेले, मोजपट्टी, 5 सेंमी व्यासाचे व 5 सेंमी उंचीचे धारदार पोलादी कडे, पिशव्या, मोबाइल, वही.

कृती

1. वेळ धरा. खरीप निघाल्यावर, खत टाकण्यापूर्वी, जमीन वाफशावर असताना नमुने घ्या. उन्हाळ्यात काळी माती आकसून भेगाळते आणि घनता फसवी येते. पुढची मोजणीही याच हंगामात करा.

2. पट्टे पाडा. रंग, खोली, उतार आणि पीक बदलेल तिथे वेगळा पट्टा. बांध, उकिरडा, झाडाखालची व पाणी साचणारी जागा टाळा.

3. नमुना घ्या. प्रत्येक पट्ट्यात नागमोडी चालत 10 ते 15 ठिकाणी 0–15 आणि 15–30 सेंमी असे दोन थर वेगळे काढा. प्रत्येक थराची माती घमेल्यात मिसळा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. माती सावलीत वाळवा.

4. घनता काढा. पट्ट्यात निदान तीन ठिकाणी प्रत्येक थराच्या मध्यावर कडे सरळ ठोका. आतली माती कणही न सांडता पिशवीत भरा. प्रयोगशाळेत ती 105 अंश सेल्सिअसला 24 तास वाळवून 2 मिमी चाळणीतून चाळून घ्या. खडे वगळून उरलेले वजन कड्याच्या पूर्ण घनफळाने, म्हणजे 98 घनसेंमीने भागा. मुरमाड रानात खडे मोजणीत राहिले, तर साठा उगाच फुगतो.

5. पद्धत विचारा. आपल्या चुनखडीयुक्त जमिनीत हे महत्त्वाचे. नमुना जाळून मोजणारे यंत्र चुनखडीतला कर्बही धरते; आधी आम्लाने तो काढावा लागतो. वॉकली-ब्लॅक पद्धतीत चुनखडी मोजली जात नाही, मात्र सेंद्रिय कर्बही पूर्ण पकडला जात नाही. म्हणून दोन्ही वेळा एकच प्रयोगशाळा, एकच पद्धत. चौकशीसाठी राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ जवळ आहे.

6. हिशोब करा. कर्ब टक्के × घनता × खोली (सेंमी) = हेक्टरी टन. 0.5 × 1.3 × 30 = 19.5 टन, म्हणजे एकरी जेमतेम 8 टन. कार्बन डायऑक्साइडमध्ये सांगायचे तर 3.67 ने गुणा. थरांचा हिशोब वेगळा करून बेरीज घ्या.

पडताळणी

7. जुन्या पद्धतीचा एक पट्टा तुलनेसाठी तसाच ठेवा. पावसापाण्याचा परिणाम त्यातून कळतो.

8. एकाच नमुन्याचे दोन भाग वेगळ्या क्रमांकाने पाठवा. दोन्ही आकड्यांतल्या तफावतीपेक्षा वाढ लहान असेल, तर ती वाढ धरू नका.

9. वहीत लिहा : नमुन्याच्या जागांचे अक्षांश-रेखांश, तारीख, पीक, नांगरट, खताच्या गाड्या आणि खत कुठून आले. शेजारच्या रानातले शेणखत इकडे आणले, तर तिकडचा कर्ब कमी होतो. त्याला नवी साठवण म्हणता येत नाही.

10. पाच वर्षांनी पुन्हा मोजा. कर्ब वर्षभरात फारसा हलत नाही. कार्बन क्रेडिट प्रमाणित करणाऱ्या व्हेरा संस्थेच्या व्हीएम 0042 पद्धतीतही किमान दर पाच वर्षांनी मोजणी लागते. घनता 1.3 वरून 1.2 झाली असेल, तर पूर्वीइतकीच माती मिळायला 30 ऐवजी 32.5 सेंमी खोल जावे लागते. तुलना समान वजनाच्या मातीची करा.

कार्बन क्रेडिटच्या करारावर सही करण्यापूर्वी पहिली मोजणी हातात असू द्या. मशागत बदलल्यानंतर ती मागे जाऊन करता येत नाही.